पेशीतला दुभाषी

काही वर्षांपूर्वीपर्यंत 'एमआरएनए' हा शब्द बारावीच्या जीवशास्त्राबाहेर फारसा कुणी उच्चारत नव्हतं. मग कोरोनाची साथ आली, लस आली आणि तो घराघरांत वादाचा विषय झाला. २०२३ चं वैद्यकाचं नोबेल त्याच एमआरएनएवरच्या कामाला मिळालं. २०२४ चं 'मायक्रोआरएनए'च्या शोधाला मिळालं. त्याच वर्षी रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांचे आकार संगणकाने ओळखणाऱ्यांना आणि नवी प्रथिनं रचणाऱ्यांना मिळालं. बातम्या तीन, पण तिन्ही एकाच कारखान्यातून आलेल्या.

तो कारखाना आपण शाळेत एका ओळीत उरकलेला असतो. डीएनएपासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन, मधे दोन बाण. बाण काढले की गुण मिळतात. मला त्यातल्या दुसऱ्या बाणाने बरीच वर्षं छळलं. पहिल्या बाणात अक्षरांवरून अक्षरंच उतरवली जातात, ते समजतं. दुसऱ्या बाणापाशी मात्र अक्षरं संपतात आणि वस्तू सुरू होते. अमुक अक्षरं म्हणजे अमुक वस्तू, हे पेशीत माहीत असतं कुणाला? तिथे ना मेंदू, ना डोळे, ना कुणी मुकादम. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या बाणाबद्दल आहे. पहिला बाण वाटेत लागतो, म्हणून तोही पाहू.

प्रथिन म्हणजे नेमकं काय?

प्रोटीन म्हटलं की डब्यातली पावडर आठवते. ती बाजूला ठेवू. शरीरात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन हे प्रथिन. स्नायू आखडतो तो प्रथिनांच्या तंतूंमुळे. केस आणि नखं प्रथिनांची, जंतूंना ओळखून चिकटणारी प्रतिपिंडं प्रथिनांची, डोळ्यातलं भिंगसुद्धा मुख्यतः पारदर्शक प्रथिनांनी भरलेलं. पेशीत रासायनिक घडामोडी घडवून आणणारी एन्झाइम्स, पाठ्यपुस्तकात ज्यांना विकरं म्हणतात, तीही बहुतेक प्रथिनंच.

या सगळ्यांची बांधणी एकाच पद्धतीची असते: ओवलेली माळ. मण्यांना म्हणायचं अमिनो आम्लं, आणि मण्यांचे प्रकार २०. इन्सुलिनच्या दोन माळांत मिळून ५१ मणी असतात. हिमोग्लोबिनच्या चार माळा, आणि त्यांतल्या 'बीटा' जातीच्या माळेत १४६. स्नायूंतलं टायटिन नावाचं अजस्र प्रथिन ३०,००० मण्यांच्याही पुढे जातं.

मण्यांचे स्वभाव वेगळे असतात. काही पाण्यात रमतात, काही तेलासारखे पाण्यापासून पळतात. काहींवर धन भार, काहींवर ऋण. पेशी म्हणजे बहुतांश पाणी, त्यामुळे पाणी टाळणारे मणी माळेच्या आत दडी मारतात, विरुद्ध भारांचे एकमेकांकडे ओढले जातात, आणि सरळ धागा गुंडाळला जाऊन त्याला एक ठरावीक आकार येतो. काम होतं ते त्या आकारामुळे. प्रथिन बनवायला सूचना म्हणून जी हवी, ती एवढीच: कोणत्या मण्यानंतर कोणता मणी. जनुक सांगतं ते मुख्यतः हेच, क्रम.

मूळ प्रत जागची हलत नाही

हा क्रम डीएनएमध्ये चार अक्षरांत लिहिलेला असतो: ए, टी, जी, सी. ही अक्षरं म्हणजे चार प्रकारचे छोटे रेणू. ए समोर टी आणि जी समोर सी, अशा जोड्यांनी डीएनएचे दोन धागे बांधलेले असतात. माणसाच्या डीएनएच्या एका संचात सुमारे ३ अब्ज अक्षरं आहेत, आणि बहुतेक पेशींत असे दोन संच. ते सलग ताणले तर दोन मीटर भरतील. पेशीच्या केंद्रकात, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागात, ते गुंडाळून ठेवलेले असतात. त्यातला जो तुकडा एखाद्या प्रथिनाचा क्रम सांगतो, ते त्या प्रथिनाचं जनुक. अशी जनुकं साधारण २०,००० आहेत. गंमत म्हणजे मण्यांचा क्रम सांगणारी अक्षरं एकूण अक्षरांच्या २ टक्केही भरत नाहीत.

ग्रंथालयात जुनं हस्तलिखित घरी न्यायला देत नाहीत. तिथेच बसून हवं ते पान उतरवून घ्यायचं. पेशीचाही नियम तोच. डीएनए केंद्रकात राहतो आणि माळा ओवण्याचं काम केंद्रकाबाहेर चालतं. हव्या त्या जनुकाची नक्कल आरएनए नावाच्या रेणूवर उतरवली जाते. नकलेत टी च्या जागी यू येतो, बाकी लिपी तीच. या उतरवण्याला प्रतिलेखन म्हणतात, आणि बाहेर जाणारी नक्कल म्हणजेच बातम्यांतला एमआरएनए, संदेशवाहक आरएनए.

एवढा खटाटोप का? मूळ प्रत सुरक्षित राहते, हे एक. एकाच जनुकाच्या शेकडो नकला काढून भराभर माल तयार करता येतो, हे दुसरं. मला महत्त्वाचं वाटतं ते तिसरं: नक्कल टिकत नाही. काही मिनिटांत, तासांत किंवा फार तर दिवसांत ती मोडीत निघते. त्यामुळे नकला काढणं थांबवलं की थोड्याच वेळात उत्पादनही थांबतं.

नक्कल आणि मूळ प्रत किती वेगळ्या आहेत हे पाहायचं तर तांबडी रक्तपेशी पाहावी. घडत असताना एका टप्प्यावर ती आपलं केंद्रकच बाहेर टाकून देते. डीएनए गेला, मूळ ग्रंथ गेला. तरी पुढे दिवस-दोन दिवस ती हिमोग्लोबिन बनवतच राहते, कारण आधी काढलेल्या नकला अजून पेशीत असतात. त्या संपल्या की बनवणं कायमचं बंद. पुढचे सुमारे १२० दिवस ही पेशी आहे त्या मालावर काढते.

बाहेर पडण्याआधी नकलेवर संपादकाची कात्रीही चालते. आपल्या बहुतेक जनुकांत कामाच्या मजकुराच्या मधेमधे बिनकामाचा मजकूर असतो. तो कापून उरलेले तुकडे जोडावे लागतात. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांनी १९७७ मध्ये हे दाखवलं तेव्हा अनेकांचा विश्वास बसत नव्हता. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे स्नायूंतल्या डिस्ट्रोफिन प्रथिनाचं जनुक. त्यात २० लाखांहून जास्त अक्षरं आहेत आणि त्याची एक नक्कल उतरवायला सुमारे १६ तास लागतात. कात्री चालल्यावर उरतात ती साधारण १४,००० अक्षरं. कापाकापी वेगळ्या जागी झाली तर एकाच जनुकातून वेगळं प्रथिनही निघतं.

शब्द तीन अक्षरांचेच का?

मणी २०, अक्षरं चार. एका अक्षराचा एक शब्द धरला तर चारच शब्द होतात. दोन अक्षरांचे धरले तर १६, म्हणजे चार कमीच. तीन अक्षरांचे धरले तर ६४, भरपूर. पेशीची भाषा खरोखरच तीन अक्षरांच्या शब्दांची आहे. या शब्दाला कोडॉन म्हणतात.

शब्दांमध्ये मोकळी जागा मात्र नसते. सगळी अक्षरं सलग. वाचणारा एका ठिकाणी सुरुवात करतो आणि तीन-तीन अक्षरं मोजत पुढे जातो. मराठीत असं वाक्य रचून पाहू:

बबन सरळ समोर बघत पतंग उडव.

प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. आता 'सरळ'मधला 'र' गळाला, पण वाचणाऱ्याची मोजायची सवय तशीच आहे, असं समजा:

बबन सळस मोरब घतप तंगउ डव.

एक अक्षर गेलं आणि तिथून पुढचं सगळं बरळणं झालं. 'सरळ' हा अख्खा शब्द, म्हणजे तिन्ही अक्षरं गळाली असती, तर उरलेलं वाक्य नीट वाचता आलं असतं. १९६१ मध्ये फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी जिवाणूंवर जगणाऱ्या एका विषाणूत हाच खेळ केला. एका अक्षराची घट किंवा भर झाली की जनुक निकामी, दोनांची झाली तरी निकामी, तिघांची झाली की पुन्हा चालू. शब्द तीन अक्षरांचा आहे हे त्यांनी असं ताडलं, एकही शब्द न वाचता.

पहिला शब्द वाचला गेला तोही त्याच वर्षी, अमेरिकेत. मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी जिवाणू फोडून त्यांतला रस घेतला आणि त्यात फक्त यू या एकाच अक्षराचा कृत्रिम आरएनए टाकला: यूयूयूयूयू. तयार झालेल्या माळेत एकाच जातीचे मणी होते, फेनिलअॅलनिनचे. यूयूयू म्हणजे फेनिलअॅलनिन. कोशातला पहिला शब्द लागला.

पुढचं काम चिकाटीचं होतं, आणि त्यात हरगोबिंद खोराना यांचा वाटा मोठा. पंजाबातल्या रायपूर नावाच्या छोट्या खेड्यात जन्मलेले खोराना तोवर अमेरिकेत होते. ठरवलेल्या क्रमाचा आरएनए बनवण्याची रीत त्यांनी बसवली. यूसीयूसीयूसी असा धागा दिला की वाचणाऱ्याला आलटून पालटून दोनच शब्द दिसतात, यूसीयू आणि सीयूसी. माळेतही आलटून पालटून दोनच मणी आले, सेरीन आणि ल्युसिन. अशा कोड्यांतून १९६० च्या दशकातच ६४ शब्दांचा कोश पुरा झाला. १९६८ चं नोबेल निरेनबर्ग, खोराना आणि रॉबर्ट हॉली या तिघांत वाटलं गेलं.

६४ पैकी ६१ शब्दांना मण्याचा अर्थ आहे. उरलेले तीन म्हणजे पूर्णविराम. एयूजी हा शब्द मेथिओनिन या मण्याचा, आणि बहुतेक वेळा सुरुवातीची खूणही तोच. शब्द ६१ आणि मणी २०, तेव्हा समानार्थी शब्द आलेच. आपण पाणी, जल, नीर, उदक, तोय, सलिल असं काहीही म्हटलं तरी वस्तू एकच. ल्युसिनलाही असेच सहा शब्द आहेत. मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन यांना मात्र एकेकच.

हा कोश जिवाणूपासून माणसापर्यंत जवळजवळ सारखा आहे. किरकोळ फरक आहेत. आपल्याच पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा पुरवणाऱ्या भागांत, पूर्णविरामाच्या एका शब्दाचा अर्थ 'ट्रिप्टोफॅन' असा होतो. पण एकंदरीत जिवाणूला माणसाचं जनुक, मधला बिनकामाचा मजकूर वगळून, दिलं तर तो ते बिनचूक वाचतो. १९८२ मध्ये मधुमेहींना मिळू लागलेलं मानवी इन्सुलिन याच जोरावर जिवाणूंकडून बनवून घेतलेलं होतं.

कोश कुणाच्या हाती?

आता मूळ प्रश्न. यूसीयू म्हणजे सेरीन, हे कोण जाणतं?

बहुतेक जण रायबोझोमचं नाव घेतात. रायबोझोम म्हणजे माळ ओवणारं यंत्र, त्याच्याकडे येऊच. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. ते चूक आहे.

एमआरएनए आणि मणी यांच्यामध्ये एक मध्यस्थ असतो, टीआरएनए. हासुद्धा आरएनएच, पण छोटा, पाऊणशे-नव्वद अक्षरांचा, दुमडून बसलेला. त्याच्या एका टोकाला तीन अक्षरं उघडी असतात. ती एमआरएनएवरच्या शब्दाशी जोडी जुळवतात. दुसऱ्या टोकाला मणी लटकलेला. क्रिकने असा मध्यस्थ असलाच पाहिजे हे १९५५ मध्ये, तो सापडण्याआधीच, तर्काने मांडलं होतं. हॉलींनी १९६५ मध्ये अशा एका मध्यस्थाची अक्षरं क्रमाने वाचून दाखवली.

पण टीआरएनएलासुद्धा भाषा कळत नाही. तो हमाल आहे. पाठीवर जे चढवलं ते वाहणार. योग्य पाठीवर योग्य मणी चढवतो तो खरा दुभाषी. हे काम करणारी एन्झाइम्स वेगळी आहेत, मण्यांच्या २० प्रकारांसाठी साधारण २०. प्रत्येक एन्झाइम फक्त आपला मणी ओळखतं आणि फक्त त्या मण्याचे टीआरएनए ओळखतं. एका खाचेत मणी बसतो, दुसरीकडे टीआरएनए टेकतो, आणि एन्झाइम दोघांना जोडून सोडून देतं. अक्षरांचं जग आणि मण्यांचं जग यांची ओळख असलेली पेशीतली जागा हीच. अख्खा कोश एका ठिकाणी कुठेच नाही. वीस जणांत तो वाटलेला आहे आणि प्रत्येकाला आपलं एकच पान पाठ आहे.

रायबोझोम मण्यांच्या बाबतीत आंधळा आहे, आणि हे नुसतं बोलणं नाही. १९६२ मध्ये एका गटाने सुरेख खोडी काढली. सिस्टीन नावाचा मणी चढवलेले टीआरएनए त्यांनी घेतले, आणि मणी न उतरवता रसायनाने त्याच्यातलं गंधक काढून टाकलं. गंधक गेल्यावर सिस्टीनचा अॅलनिन होतो. म्हणजे पाठीवर पाटी सिस्टीनची आणि माल अॅलनिनचा. रायबोझोमने काय केलं? सिस्टीनच्या जागी बिनदिक्कत अॅलनिन ओवला. त्याने तीन अक्षरं जुळतात का तेवढं पाहिलं, मणी पाहिलाच नाही.

म्हणजे सगळी जबाबदारी त्या वीस जणांवर. आणि त्यांच्यापुढची अडचण साधी नाही. आयसोल्युसिन आणि व्हॅलिन हे दोन मणी जवळजवळ जुळे आहेत, फरक एका कार्बनचा. आयसोल्युसिनच्या खाचेत मोठा मणी घुसणार नाही, पण किंचित लहान व्हॅलिन आरामात बसेल. यावर त्या एन्झाइमकडे दोन चाळण्या आहेत. पहिली जास्त मोठे मणी अडवते. दुसरी खाच इतकी अरुंद की तिच्यात आयसोल्युसिन शिरतच नाही. चुकून आलेला व्हॅलिन मात्र शिरतो, आणि तिथे गेला की तोडून काढला जातो. म्हणजे पहिल्या चाळणीतून पडतो आणि दुसऱ्या चाळणीत अडकत नाही, तो चुकीचा. पेशीतल्या सगळ्या यंत्रणांमध्ये मला ही युक्ती सर्वांत आवडते.

माळ ओवताना

रायबोझोम दोन भागांचा असतो, एक लहान, एक मोठा. मधल्या फटीतून एमआरएनएचा धागा सरकतो. आकार इतका लहान की एका मिलिमीटरमध्ये ३० ते ४० हजार ओळीने मावतील. एका मानवी पेशीत ते लाखोंनी असतात. त्याची अणूअणूपर्यंतची रचना उलगडल्याबद्दल २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांना मिळालं.

एकच टप्पा जवळून पाहू. रायबोझोममध्ये टीआरएनएसाठी शेजारी शेजारी तीन जागा आहेत. मधल्या जागेवरच्या टीआरएनएने आतापर्यंत ओवलेली सगळी माळ धरलेली असते. पहिली जागा रिकामी, तिच्याखाली पुढचा शब्द उघडा. आजूबाजूला टीआरएनएंची झुंबड. कुणी बोलावलेलं नाही, जो तो येऊन धडकतो. अक्षरं जुळली नाहीत की निसटतो. दुसरा धडकतो, तोही निसटतो. कधीतरी जुळणारा येतो आणि क्षणभर जास्त टिकतो. तेवढ्यात रायबोझोमचा लहान भाग त्याच्याभोवती किंचित आवळला जातो. मग मधल्याने धरलेली माळ सुटते आणि नव्याच्या मण्याला जोडली जाते. सगळा गाडा तीन अक्षरं पुढे सरकतो, रिकामा हमाल तिसऱ्या जागेतून बाहेर पडतो, आणि पहिली जागा पुन्हा रिकामी.

आपल्या पेशींत हे सेकंदाला साधारण पाच वेळा होतं. जिवाणूंमध्ये त्याच्या तिप्पट-चौपट वेगाने. हिमोग्लोबिनची एक माळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास तयार. एकाच एमआरएनएवर एकामागून एक अनेक रायबोझोम चालत असतात. पूर्णविरामाचा शब्द आला की त्याला जुळणारा हमालच नसतो. त्याच्याऐवजी एक प्रथिन येऊन बसतं आणि माळ सोडवून देतं.

'आणतो', 'पाहतो', 'धरतो' असे शब्द मी वापरतोय खरे, पण ती भाषेची सोय आहे. इथे कुणी काही ठरवत नाही. रेणू सतत थरथरत, आदळत असतात. जुळलेलं टिकतं, न जुळलेलं सुटतं. एकेक मणी जोडायला पेशीला बरीच ऊर्जा मोजावी लागते, आणि त्यातला मोठा भाग अचूकपणासाठी जातो. तरीही दर काही हजार मण्यांमागे एखादा चुकतो. तेवढ्यावर भागतं.

आकाराची सूचना कुठे लिहिली आहे?

'डीएनए म्हणजे शरीराचा आराखडा' असं सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. घराचा आराखडा घरासारखा दिसतो, दाराच्या जागी दार दाखवतो. जनुकात प्रथिनाचं चित्र कुठेच नसतं. जवळची उपमा विणकामाच्या नमुन्याची. 'दोन सुलट, दोन उलट, एक टाका गाळा', हे वाचून स्वेटर दिसत नाही. ओळीने विणत गेलं की बाही होते.

माळेला आकार येतो तो मण्यांच्या स्वभावातून. ख्रिश्चन आन्फिनसेन यांनी १२४ मण्यांचं एक एन्झाइम रसायनांनी पार उलगडून सरळ केलं. मग रसायनं काढून घेतली. माळ आपली आपण पुन्हा गुंडाळली गेली आणि कामाला लागली. वेगळी सूचना लागली नाही. मोठ्या प्रथिनांना मात्र पेशीत मदतनीस लागतात, नाहीतर अर्धवट गुंडाळलेल्या माळा एकमेकींत गुंततात.

क्रमातच आकार दडलेला असेल, तर क्रम वाचून आकार सांगता यायला हवा. हे कोडं अर्धशतक सुटत नव्हतं. डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांच्या 'अल्फाफोल्ड' या प्रणालीने ते बऱ्याच अंशी सोडवलं आणि २०२२ मध्ये सुमारे २० कोटी प्रथिनांचे अंदाजी आकार सर्वांसाठी खुले झाले. माळ शेवटी कशी दिसेल हे ती सांगते. माळ तिथवर पोचते कशी, हा प्रश्न निराळा आणि अजून बराचसा उघडा.

सूचना सगळीकडे त्याच, मग यकृत आणि डोळा वेगळे का?

कारण ग्रंथ एकच असला तरी जो तो वेगळी पानं उतरवतो. भिंगाच्या पेशी भिंगाच्या प्रथिनांच्या नकला काढतात, इन्सुलिनचं पान त्या उघडतच नाहीत. कोणतं पान उघडायचं हे डीएनएला चिकटणारी प्रथिनं ठरवतात. जनुकांच्या आसपासचा, मण्यांचा क्रम न सांगणारा बराच मजकूर म्हणजे त्यांच्या चिकटण्याच्या जागा. नक्कल बाहेर पडल्यावरही तिला रोखता येतं. बावीसेक अक्षरांचे छोटे आरएनए एमआरएनएला जाऊन चिकटतात आणि त्याचं वाचन थांबवतात. हेच मायक्रोआरएनए. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना ते आधी एका इवल्याशा कृमीत सापडले. ही त्या कृमीचीच लकब असावी, असं बराच काळ मानलं गेलं.

एक अक्षर चुकलं तर?

बहुतेकदा काही होत नाही. समानार्थी शब्द आला तर मणीही बदलत नाही. कधी मणी बदलतो, पण तो बिनमहत्त्वाच्या जागी असतो. आणि कधी 'पतंग'चा 'पलंग' होतो. बबन सरळ समोर बघत पलंग उडव. व्याकरण शाबूत, बबनची पंचाईत.

सिकल सेल आजारात नेमकं हेच होतं. हिमोग्लोबिनच्या बीटा माळेच्या सहाव्या शब्दात जीएजी च्या जागी जीटीजी. पाण्यात रमणारा ग्लुटामिक आम्लाचा मणी जातो आणि पाणी टाळणारा व्हॅलिन येतो, तोही पृष्ठभागावर, उघड्यावर. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की हा व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खळग्यात जाऊन बसतो, तो पुढच्याशी जोडला जातो, आणि पेशीत ताठ काड्या तयार होतात. गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत, आणि त्याच्या महिनाभर आधी ब्रिटनमध्ये, या आजारावरच्या क्रिस्पर (डीएनए हव्या त्या जागी कापण्याचं तंत्र) उपचाराला मान्यता मिळाली. 'चुकलेलं अक्षर दुरुस्त केलं' अशा बातम्या तेव्हा वाचल्या. तसं नाही. ते अक्षर आहे तसंच राहतं. जन्माआधी आपण वेगळं हिमोग्लोबिन वापरतो आणि नंतर ते पान मिटलं जातं. या उपचारात ते मिटून ठेवणारी कळच मोडतात. जुनं पान पुन्हा उघडतं आणि त्या हिमोग्लोबिनवर रुग्णाचं भागतं.

लशीतला एमआरएनए आपला डीएनए बदलतो का?

नाही, आणि का नाही ते आता सहज कळेल. लस म्हणजे बाहेरून दिलेली एक नक्कल, चरबीच्या थेंबात गुंडाळलेली. ती केंद्रकाबाहेर रायबोझोमपाशी पोचते, वाचली जाते, विषाणूच्या एका प्रथिनाच्या माळा तयार होतात, आणि नक्कल मोडीत निघते. डीएनए बदलायचा तर तिला आधी डीएनएच्या लिपीत उलटं उतरवावं लागेल, केंद्रकात न्यावं लागेल आणि मूळ ग्रंथ कापून आत चिकटवावं लागेल.

'पण एचआयव्ही आरएनएचा डीएनए करतो ना?' करतो. त्यासाठी तो उलटं उतरवणारं एक एन्झाइम आणि चिकटवणारं दुसरं, अशी दोन्ही हत्यारं बरोबर घेऊन येतो. लशीत त्यांतलं एकही नसतं.

अशी लस आधीच का झाली नाही, याचंही उत्तर या कथेतच आहे. बाहेरचा आरएनए दिसला की शरीर विषाणू आला असं समजून खवळतं. कॅटलिन कॅरिको आणि ड्र्यू वाइसमन यांच्या लक्षात आलं की टीआरएनए दिला तर असं होत नाही. त्या हमालाच्या अक्षरांवर बरीच रासायनिक नक्षी असते. २००५ मध्ये त्यांनी यू च्या जागी तसं बदललेलं अक्षर वापरून दाखवलं आणि शरीराचा राग निवळला.

सर्दीवर अँटिबायोटिक का चालत नाही?

अॅझिथ्रोमायसिन, टेट्रासायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन ही सगळी रायबोझोमवरची औषधं. टेट्रासायक्लिन हमालाला पहिल्या जागेवर बसूच देत नाही. अॅझिथ्रोमायसिन माळ बाहेर पडण्याच्या बोगद्यात अडकून बसतं. जिवाणूंचा रायबोझोम आपल्यापेक्षा थोडा वेगळा, म्हणून ते बंद पडतात आणि आपण सहीसलामत राहतो. साधी सर्दी विषाणूंची, आणि विषाणूला स्वतःचा रायबोझोमच नसतो, तो आपलाच वापरतो. बंद काय पाडणार?

मग पहिला दुभाषी कुठून आला?

हा आक्षेप सर्वांत अवघड. दुभाष्याचं काम करणारी ती वीस एन्झाइम्स स्वतः प्रथिनं आहेत. त्यांचा क्रमही डीएनएतच लिहिलेला, आणि तो वाचायला तीच एन्झाइम्स लागतात. शब्दकोश छापायला आधी शब्दकोश हवा.

अर्धं उत्तर रायबोझोममध्ये मिळालं. त्याची रचना उलगडली तेव्हा दिसलं की मणी मण्याला जोडला जातो त्या नेमक्या जागी प्रथिन नाहीच. तिथे नुसता आरएनए आहे. म्हणजे प्रथिनांच्या आधी आरएनए हीच अक्षरंही होती आणि अवजारंही, असं मानायला जागा आहे. दुभाषी कसे तयार झाले, यावर अजून संशोधन चालू आहे.

आपल्यापुरतं उत्तर मात्र सरळ आहे. कोऱ्या पेशीपासून सुरुवात कुणालाच करावी लागत नाही. आईच्या अंडपेशीत डीएनए असतो, तसेच चालू स्थितीतले रायबोझोम असतात, टीआरएनए असतात, ती वीस एन्झाइम्स असतात, आणि आईने आधीच उतरवून ठेवलेल्या नकलांचा मोठा साठा असतो. गर्भाची स्वतःची जनुकं खऱ्या अर्थाने उघडतात ती पेशी चार ते आठ झाल्यावर, साधारण तिसऱ्या दिवशी. तोवर तिथे वाचलं जातं ते बहुतेक सगळं आईने उतरवलेलं.